सोलापुरात मेट्रन म्हणून रुजू होताना

सोलापुरात मेट्रन म्हणून, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या नर्सेसची प्रमुख म्हणून येणार असाल, तर घर आधी बघा, बाकीचं नंतर. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता अशी नावं कानावर पडतील. माझं ऐकाल तर रुग्णालयाच्या जवळचं घ्या, लहान असलं तरी चालेल, कारण मेट्रनला रात्री दोनलाही पटकन पोचता आलं पाहिजे. भाडं ठरवण्याआधी पाणी किती दिवसांआड येतं आणि टाकी केवढी आहे, ते विचारा. हाच प्रश्न पुढे रुग्णालयातही विचारायचा आहे. चार तासांच्या एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, आणि आरओत वाया जाणारं पाणी त्यात धरलेलंच नाही. टँकर कोणाच्या सहीने येतो, ते पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

मी चिपळूणची. ट्रस्टच्या रुग्णालयात मेट्रन म्हणून आले तेव्हा माझ्या खुर्चीचा चार्ज काही महिने एका सीनियर सिस्टरकडे होता. सगळीकडे हे असतंच. अशी बाई मनात थोडी दुखावलेली असते आणि रुग्णालय तिलाच सगळ्यांत जास्त ठाऊक असतं. तिच्याकडचं ड्यूटीचं रोस्टर लगेच काढून घेऊ नका. आमच्या सिस्टरांनी जानेवारीची यादी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, गड्ड्याच्या दिवसांत ह्या चौघींना नाईट लावू नका. घरात नंदीध्वजाचा मान आहे, येणार नाहीत वो." सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, ज्यात मानाचे नंदीध्वज मिरवतात, ती संक्रांतीला, मार्कंडेयाचा रथोत्सव नारळी पौर्णिमेला, शिवाय ईद, गणपती, आषाढी. कोण कोणत्या सणाला सुट्टी मागणार आणि बदल्यात कोण उभं राहणार, हा हिशेब कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 'बी', वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. म्हणजे ऐन गड्ड्याच्या महिन्यात एजन्सीचा माणूस तपासणीला येतो आणि निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो. त्याला डिसेंबरातच गाठलेलं बरं.

आता भाषेचं. पूर्व भागातून तेलुगू बोलणारी विडी कामगार आणि यंत्रमागावरची माणसं येतात, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडून कन्नड बोलणारी. उर्दू आहेच. सगळ्यांना कामापुरतं मराठी येतं, आणि खरी गडबड तिथेच होते. एका आजींना डिस्चार्जच्या वेळी आमची सिस्टर इन्सुलिन समजावत होती. आजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. शेजारी चादर बदलणाऱ्या मावशींनी तेलुगूत दोनच प्रश्न विचारले आणि कळलं, घरात फ्रिजच नाही. इथल्या उन्हाळ्यात बाटली फळीवर ठेवली तर औषध खराब व्हायचं. मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात छोटं भांडं ठेवायचं, बाटली पिशवीत बांधून त्या भांड्यात, पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, हे मावशींनीच हातवारे करून शिकवलं.

तेव्हापासून रोस्टरमध्ये नावापुढे येणाऱ्या भाषाही लिहितो. प्रत्येक शिफ्टला निदान एक तेलुगू आणि एक कन्नड येणारं माणूस हवंच. ब्रदर असो, सिस्टर असो की मावशी. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे, पण ते काम मामा-मावशींवर ढकलू नका. समजावण्याचं काम डॉक्टरांचंच. मावशी फक्त भाषा पुरवतात. त्यांच्या त्या वेळेची नोंद ठेवा आणि पगारवाढीच्या वेळी मॅनेजमेंटपुढे ती मांडा. मी मांडली. ट्रस्टी थोडे कुरकुरले, पण दिली.

खाण्याचं म्हणाल तर माशांची आठवण येते, त्यावर इथे इलाज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र नाईटच्या डब्यात दोन दिवस टिकते, हे सोयीचं.

राहता राहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. कूलरची दुरुस्ती, जनरेटरची सर्व्हिस आणि औषधांच्या फ्रिजचं तापमान लिहायची वही, तिन्ही फेब्रुवारीतच मागा. मार्चअखेरीस अकाउंट्सवाले कुठल्याच कागदावर सही करत नाहीत.