जबड्याची सौंदर्य-शस्त्रक्रिया: फसू नये म्हणून, आणि फसलीच तर

हनुवटी मागे गेलेली दिसते, तेव्हा हनुवटीचे हाडच लहान आहे की संपूर्ण खालचा जबडाच मागे आहे, हे आधी ठरवावे लागते. कारण जबडा मागे असताना नुसती हनुवटी पुढे सरकवली, तर ओठाखालची खाच खोल होते, टोक उठून दिसते आणि दातांची चावण, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, होती तशीच राहते. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे दंततज्ज्ञ) आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन (जबडा-चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन) या दोघांनी मिळून चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे, सीटी स्कॅन आणि दातांचे साचे तपासलेले असावेत. जबडा सरकवायचा असल्यास बहुधा आधी काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, ब्रेसेस (दातांना लावायच्या तारा) लावाव्या लागतात. तो काळ टाळण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये. जबड्याची एकच बाजू वाढत असेल, तर ती वाढ थांबल्याची खात्री झाल्याशिवाय जबडा सरळ करण्याची शस्त्रक्रिया करू नये, नाहीतर चेहरा पुन्हा वाकडा होतो.

सर्जनची नोंदणी दंत किंवा वैद्यकीय परिषदेकडे पडताळावी. संगणकावर दाखवलेला ‘नंतरचा’ चेहरा हा अंदाज असतो, हमी नव्हे. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. त्यामुळे ओठ आणि हनुवटी बधिर होण्याची, कधी कायमची, शक्यता गृहीत धरूनच संमती द्यावी. खालचा जबडा मागे घ्यायचा असेल आणि घोरण्याचा त्रास असेल, तर झोपेची तपासणी आधी व्हावी, कारण श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. जबड्याचा कोन, म्हणजे कानाखालचा हाडाचा कोपरा, तासताना कमी तासलेले बरे. राहिलेले हाड पुन्हा तासता येते, गेलेले परत येत नाही आणि वरची कातडी सैल पडते ती वेगळीच.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे आरशावर विश्वास ठेवू नये. सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. ठरावीक प्रकाशात, त्याच कोनातून दरमहा छायाचित्र काढणे हा त्याहून बरा उपाय. मात्र चावण अचानक बदलली, पू किंवा ताप आला, तर एक दिवसही थांबू नये. ओठाची संवेदना पूर्ण गेलेली असून तीन महिन्यांतही परतू लागली नाही, तर नसेच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या सर्जनला दाखवावे. तिथे उशीर महागात पडतो.

फसलेल्या शस्त्रक्रियेच्या दुरुस्तीपूर्वी जुना आणि नवा सीटी स्कॅन शेजारी ठेवून दोष हाडात आहे, चावणीत आहे की स्नायूंत, हे पाहावे. चावणीतला थोडा फरक इलॅस्टिक (दातांना अडकवायचे रबर) आणि ब्रेसेसने सुधारतो. मोठा असेल, तर हाड पुन्हा कापून टायटॅनियमच्या प्लेटने बसवावे लागते. हनुवटीचा स्नायू नीट न शिवल्यामुळे ती लोंबत असेल, तर पुष्कळदा हाड न कापता स्नायू वर ओढून शिवणे पुरते. कोन जास्त तासला गेला असेल, तर सीटीवरून मापाचे इम्प्लांट (आत बसवायचा कृत्रिम तुकडा) करून घेता येते. त्यात संसर्गाचा धोका उरतो. दुसऱ्या मताला जाताना शस्त्रक्रियेची टिपणी आणि वापरलेल्या प्लेट-स्क्रूंचा तपशील आधीच्या रुग्णालयातून मागून न्यावा.