गाडी आडवी झाली? दुरुस्तीच्या या चुका टाळा

टूरिंगची मोटरसायकल चोर्ला घाटात किंवा आंबोलीत क्वचितच पडते, तिथं माणूस जपून उतरतो. पडते ती गोव्यात पोचल्यावर. मोरजीला वाळूत गाडी वळवताना, चोडणच्या फेरीबोटीच्या शेवाळलेल्या उतारावर, होमस्टेच्या चिऱ्यांच्या चढावर पाय टेकायला जावं आणि पायाखाली जमीनच नसावी तेव्हा. पावसाळ्यात तर स्वार झोपलेला असतानाही पडते. साइड स्टँड लाल मातीत हळूहळू रुततो आणि पहाटे गाडी आडवी.

अशा पडण्यात वेग जवळपास शून्य असतो. आरसा, एखादा इंडिकेटर, लिव्हर आणि क्रॅश गार्डावर ओरखडे, नुकसान बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबायला हवं. तरी बिल काही हजारांत जातं, कारण खरी मोडतोड पुढच्या अर्ध्या तासात होते. चार लोक बघतायत म्हणून गाडी घाईनं उचलायची, सेल मारायचा, वाकलेलं जागच्या जागी ठोकून सरळ करायचं आणि निघायचं. यातली प्रत्येक पायरी महागात पडते.

इंजिन चालू ठेवून गाडीकडे बघत बसणं

गाडी पडल्यावर पहिला हात किल स्विचकडे (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावीकडे. आडव्या गाडीत ऑईल एका बाजूला जमतं, पंप हवा ओढायला लागतो आणि इंजिन कोरडं फिरतं. शिवाय टाकीच्या झाकणातून किंवा कार्बुरेटरमधून पेट्रोल ठिबकत असतं आणि सायलेन्सर तापलेला असतो. सिगारेट ओढणारे मदतनीस लांब ठेवा. गोव्यात ते हमखास येतात, आणि मनापासून येतात.

वाकून, कंबरेच्या जोरावर उचलणं

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ पेट्रोलसकट १९९ किलो भरते. सॅडल बॅगा, वरची पेटी धरली की वजन सव्वादोनशेच्या आसपास जातं. आधी सामान उतरवा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आडव्या गाडीतच उघडून ठेवा, म्हणजे पलीकडे कलंडली तरी तो पकडेल. डावीकडे पडली असेल तर ही सोय नाही, तेव्हा पलीकडच्या बाजूला एक माणूस हवाच. गिअर टाका. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागचा पक्का पाइप धरा आणि पायांच्या जोरावर उलटी छोटी पावलं टाकत उठा.

इंडिकेटर, आरसा, सॅडल स्टे (बॅगा टेकवायचा सांगाडा) यांना धरून ओढू नका. पडताना वाचलेला इंडिकेटर उचलताना तुटतो, हे नेहमीचंच. उतारावर गाडी आधी आडवीच फिरवून चाकं उताराच्या बाजूला आणा, मग उचलणं निम्मं सोपं होतं. फेरीच्या धक्क्यावर मात्र तिथंच उचलायचा हट्ट नको. शेवाळावर तुमचेच पाय टिकणार नाहीत. दोघातिघांनी मिळून गाडी कोरड्या जागी सरकवा. गार्डाला चार ओरखडे जास्त पडले तर पडू देत.

उभी केली की लगेच सेल मारत राहणं

इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो पंप आणि इंजिन बंद करतो. गाडी उभी केल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो सोडत नाही. लोक हे विसरतात, किल स्विच आपणच दाबलाय हेही विसरतात, बॅटरी संपवतात आणि "फ्युएल पंप गेला" असं निदान करून टेम्पो बोलावतात. आधी किल स्विच, चावी, न्यूट्रल आणि साइड स्टँड बघा. क्लच लिव्हरच्या बुडाशी असलेला छोटा स्विच पडताना सरकला असेल तरीही काही गाड्या सेल घेत नाहीत.

कार्बुरेटरची गाडी असेल तर दहा मिनिटं शांत बसा. पेट्रोल जास्त झालेलं असतं, चोक ओढून ते आणखी वाढवू नका. सुरू झाल्यावर थोडा वेळ निळसर पांढरा धूर आला तर घाबरायचं कारण नाही, सिलिंडरमध्ये किंवा एअर फिल्टरच्या डब्यात गेलेलं ऑईल जळतंय. धूर थांबलाच नाही तर फिल्टरचा डबा उघडून बघा.

गाडी गटारात चाकं वर होऊन बराच वेळ पडली होती, आणि सेल मारल्यावर फक्त "टक्" असा आवाज येऊन इंजिन अडकलं, तर हात तिथंच आवरा. सिलिंडरमध्ये ऑईल किंवा पेट्रोल साचलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, प्लगच्या भोकावर फडकं धरा आणि मग सेल मारून आतलं बाहेर येऊ द्या. या वेळी प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा, उडालेल्या पेट्रोलवर ठिणगी पडायला नको.

ब्रेक अडकलाय का, हे न बघता निघणं

माझ्या मते ही यादीतली सगळ्यात महाग चूक. गाडी उजवीकडे पडली की मागच्या ब्रेकचं पेडल आत दाबलं जातं. कधी ते इंजिनच्या कव्हरला टेकतं, कधी अर्धवट दाबलेलंच राहतं. पुढचा लिव्हर वाकला तरी तोच प्रकार. त्याचं बूड मास्टर सिलिंडरचा पिस्टन किंचित दाबून धरतं. गाडी चालते, फक्त "जरा जड वाटते".

कोल्हापूरच्या एका ग्रुपमधली गाडी केरीजवळ खडीवर अशीच आडवी झाली होती. उचलली आणि निघाले. साखळी गावाच्या अलीकडे मागून जळका वास यायला लागला आणि थोड्या वेळानं पेडल सरळ खाली गेलं, ब्रेकच नाही. डिस्क निळी पडलेली, पॅड काचेसारखे चकचकीत, ब्रेक ऑईल उकळलेलं. पडण्यानं फक्त एक पेडल वाकलं होतं. बाकी सगळं त्या पुढच्या प्रवासानं केलं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मेन स्टँडवर चाक हातानं फिरवा, सुटं फिरायला हवं. ब्रेक सोडल्यावर मागचा लाल दिवा विझतो का बघा. दोन-तीन किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवून थांबा आणि दोन्ही डिस्कवर पाण्याचे थेंब टाका. चर्र आवाज आला तर तो ब्रेक धरतोय. डिस्कला बोट लावून बघायचा मोह आवरा.

याच वेळी ॲक्सिलरेटरही बघा. मुठीच्या टोकाचं वजन किंवा हँड गार्ड आत दाबला गेला की मूठ घासते आणि सोडल्यावर परत येत नाही. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे मूठ फटकन मागे येते का ते बघा. येत नसेल तर गाडी हलवायची नाही.

लिव्हर आणि गिअर लिव्हर जागेवरच सरळ करणं

हाताचे लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमचे असतात. एकदा वाकले ते वाकले. पान्यात धरून उलटे वाकवलेत की बुडाशी बारीक चीर जाते आणि तो आठवड्यानं ऐन घाटात हातात येतो. थोडा वाकडा लिव्हर पिस्टनला दाबत नसेल तर तसाच चालवा. टोक तुटलं असेल तर धार कानशीनं घासून घ्या. क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा लिव्हर सीटखाली मावतो. कडेला वीस स्टिकर चिकटवण्यापेक्षा तेवढं करा. लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर दगडासारखा आवळू नका. नेहमीच्या वापरात हलू नये, पण पडल्यावर जोर लावला तर फिरावा, इतपतच ठेवा. फिरलेला लिव्हर तुटत नाही.

पायाचे लिव्हर बहुतेक लोखंडी असतात आणि सरळ होतात, पण गाडीवरून काढून. डावीकडे पडून वाकलेला गिअर लिव्हर तिथंच पाइप घालून ओढला तर सगळा जोर गिअर शाफ्टवर येतो. शाफ्ट वाकला की ऑईल सील गळते, गिअर अडकतात आणि पाचशेचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. लिव्हर काढताना त्याचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो. लोक हातोडीनं मारत बसतात ते यामुळेच. परत बसवण्याआधी लिव्हर कोणत्या दात्यावर होता त्याची खूण करून ठेवा.

हँडल वाकडं दिसलं की नवीन हँडल घेणं

चाक सरळ आणि हँडल एका बाजूला, ही पडलेल्या गाडीची ठरलेली तक्रार. दहा जण सांगतील, हँडल वाकलंय, बदलून टाक. म्हापशाला एका गॅरेजवाल्यानं पुढ्यात येऊन, एक डोळा मिटून मडगार्डकडे पाहिलं आणि म्हणाला, "पात्रांव, हँडल बरं आहे, शॉक टी मध्ये फिरलेत." कमी वेगातल्या पडण्यात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. चाक एका जागी अडकतं, हँडल पुढे जातं आणि फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकचे, दोन पाइप टीच्या (त्यांना हँडलखाली वर आणि खाली धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्यांच्या) क्लॅम्पमध्ये एकमेकांपासून किंचित मागेपुढे होतात. नवं हँडल बसवलं तरी तेही वाकडंच दिसणार.

दुसरा इलाज म्हणजे चाक माडाला टेकवून हँडलला हिसका देणं. हँडल सरळ दिसतं, पण क्लॅम्प आवळलेलेच असल्यामुळे ताण आत तसाच राहतो आणि पहिल्याच खड्ड्यात मूळ पदावर येतं. करायचं असं: गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढच्या मडगार्डचे बोल्ट, एक्सल, एक्सलचा चिमटा बोल्ट, खालच्या टीचे बोल्ट आणि मधला मोठा नट ढिले करा. वरच्या टीचे बोल्ट आवळलेले राहू देत. वर-खाली सगळंच सोडलं आणि वजन चाकावर असेल तर पाइप टीमधून वर सरकतात आणि गाडी पुढून खाली बसते. आता चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल हलक्या हिसक्यानं सरळ करा. मग मधला नट आणि खालची टी, त्यानंतर एक्सल आवळा. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पाइप आपापल्या जागी बसतात. चिमटा बोल्ट आणि मडगार्ड त्यानंतरच. टी ॲल्युमिनियमची असते, तेव्हा अंगात जोर आहे म्हणून आवळू नका. टॉर्क पाना आणि गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वापरा.

एवढं करूनही सरळ होत नसेल तर सपाट काचेचा तुकडा दोन्ही पाइपांवर आडवा धरा. हिमालयनला आधी रबरी बूट खाली सरकवावे लागतील. चारही ठिकाणी टेकली तर पाइप एका पातळीत आहेत. काच डुगडुगली तर पिळा अजून आहे, किंवा पाइप अथवा टी वाकली आहे. दाबताना शॉक अडकत असेल तर वाकल्याचीच शक्यता जास्त, तेव्हा ते काम वर्कशॉपचं.

फुटलेल्या कव्हरवर तेलकट असतानाच एम-सील थापणं

डावीकडे मॅग्नेट कव्हर, उजवीकडे क्लच कव्हर. दगडावर पडली तर यांना चीर जाते. एम-सील चालतं, पण कोरड्या, घासलेल्या, पेट्रोलनं पुसलेल्या धातूवर आणि पाकिटावर दिलेला वेळ थांबलात तरच. आतून ऑईल झिरपतंय आणि वरून लिंपण चाललंय, असं असेल तर ते पणजीपर्यंतही टिकणार नाही. ऑईल आधी चिरेच्या खाली आणा, म्हणजे काढून घ्या किंवा गाडी दुसऱ्या बाजूला कलती ठेवा. हा इलाज घरी पोचण्यापुरताच आहे. नंतर आर्गन वेल्डिंग करून घ्या. वेर्णा, कुंडई, थिवी अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास विचारून बघा. वेल्डिंगनंतर कव्हरची पॅकिंगची बाजू काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहायला सांगा, उष्णतेनं ती पिळवटते आणि नवी पॅकिंग टाकूनही गळती राहते. पेट्रोलची टाकी पाझरत असेल तर चिरेवर कोरडा साबण घासा. जुना उपाय आहे, गॅरेजपर्यंत नेतो.

क्रॅश गार्ड वाकला असेल तर तो गाडीवर ठेवून ठोकू नका. बऱ्याच गार्डांचे बोल्ट इंजिनच्या माउंटिंगमध्येच असतात. आणि गार्डावरचा उघडा पडलेला लोखंडी ओरखडा किनाऱ्याच्या खाऱ्या दमट हवेत बघता बघता गंजतो. रंग नसेल तर नेलपॉलिश लावा, तेही नसेल तर ग्रीस.

विमा, भाड्याची गाडी आणि दुपारची वेळ

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी आरसा-लिव्हरसाठी क्लेम करण्याआधी हिशेब करा. क्लेम न करणाऱ्याला नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एका क्लेमनं तो साधारणपणे शून्यावर येतो. क्लेम करायचाच असेल तर दुरुस्तीच्या आधी कळवा, फोटो काढा, काढलेले भाग फेकू नका.

भाड्याची गाडी असेल तर ती काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची आहे ना, हे घेतानाच बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेऊन पाडलीत तर विम्याचा विषयच संपतो. घेताना सगळ्या बाजूंचे फोटो काढले असतील तर जुना ओरखडा तुमच्या माथी येणार नाही.

गोव्यात दुपारी एकच्या सुमाराला दुकानं बंद होतात ती तीन-साडेतीनला उघडतात, रविवारी बरीच गॅरेजं बंद आणि गणेश चवथीच्या दिवसांत तर विचारूच नका. सकाळी पडलात तर सकाळीच हालचाल करा. आणि टी, एक्सल, गार्ड, जे जे उघडून आवळलंय त्याचे बोल्ट परतीच्या वाटेवर बांद्याला किंवा सावंतवाडीला चहाला थांबाल तेव्हा, घाट चढायच्या आधी, पुन्हा एकदा पान्यानं तपासून घ्या.