पर्शियन मांजर सांभाळताना: फणी, अंघोळ आणि पावसाळा

पर्शियन मांजर इतकी शांत असते की तिला काही होतंय हे घरच्यांना उशिरा कळतं. ती ओरडत नाही, बोचकारत नाही, नुसती पलंगाखाली जाऊन बसते. म्हणून तिचे केस विंचरणं ही हौस नव्हे, ती रोजची तपासणी आहे. गाठ, पुळी, टक्कल, वजनातली घट, सगळं आधी हाताला लागतं.

फणी स्टीलची घ्या, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांची. मऊ ब्रशने वरचे लांब केस चमकतात, पण खालचा लोकरीसारखा थर तसाच राहतो आणि गाठ तिथेच धरते. एका हाताने केस वर उचलून धरा, दोन बोटांच्या रुंदीची पट्टी मोकळी सोडा, ती कातडीपासून टोकापर्यंत विंचरा, मग पुढची पट्टी. आधी विरळ दाते, मग दाट. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पाठ सोपी असते म्हणून सगळे तिथेच वेळ घालवतात. गुंता होतो तो काखेत, पोटावर, कानांमागे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला.

गाठ सापडली तर कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर ती वर ओढली जाते आणि केस कुठे संपतात ते दिसत नाही. असे कापलेले पेशंट डॉक्टरांकडे नेहमी येतात. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाका, मुळाशी केस घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही, आणि गाठ टोकाकडून थोडी थोडी सोडवा. कातडीला चिकटून चपटी झालेली गाठ केस कापायच्या मशीननेच काढावी लागते, तीही जाणकाराकडून.

अंघोळ महिना-दीड महिन्यातून एकदा. त्याआधी विंचरायलाच हवं, कारण ओली गाठ आणखी घट्ट होते. पाणी कोमट, शाम्पू मांजरांचाच, तोंडावर पाणी ओतायचं नाही, नुसता ओला कापूस फिरवायचा. बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा. टॉवेल दाबून पाणी टिपा, चोळू नका. मग ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून, विंचरत विंचरत मुळापर्यंत वाळवा.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात ही शेवटची पायरी सोडलीत तर महागात पडेल. वरून कोरडे दिसणारे केस मुळाशी दमट राहतात आणि कातडीचे त्रास सुरू होतात. शिवाय नायटा या जातीला मुळातच लवकर पकडतो. कानाच्या कडेला किंवा तोंडावर केस जाऊन कोंड्यासारखे पापुद्रे दिसले तर मांजर वेगळ्या खोलीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हा नायटा माणसांना, विशेषतः लहान मुलांना होतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं, त्याने खाज थांबते पण बुरशी पसरते. टी ट्री ऑइल तर मांजराला विषारीच. फणी आणि अंथरूण साफ केलं नाही तर उपचारानंतरही नायटा परत येतो.

चपट्या चेहऱ्यामुळे अश्रूंची नळी वाकते आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहतं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून दिवसातून दोनदा पुसा, दर डोळ्याला वेगळा बोळा. पिवळा-हिरवा स्राव आला किंवा डोळा मिटून घेतला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, बुबुळावर जखम असू शकते.

अजून मांजर घेतलेलं नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: डॉल फेस, म्हणजे नाक थोडं पुढे असलेलं, घ्या. पंच फेस, म्हणजे अगदी चपट्या तोंडाचा, महाग मिळतो, पण श्वासाचा आणि डोळ्यांचा त्रास त्यालाच जास्त. पिल्लू झोपलेलं असताना घोरतं का ते ऐका. आई-बापाची पीकेडीची, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याच्या आनुवंशिक आजाराची, चाचणी झाली आहे का ते विचारा. एका पालकात तो दोष असला तरी प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

दूध-पोळीवर मांजर जगवू नका. टॉरिन हे द्रव्य तिला मांसातूनच मिळतं; ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. दुधाने अनेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

तीन गोष्टींत सकाळची वाट पाहायची नाही. उन्हाळ्यात तोंड उघडून धापा टाकणं. बोका लिटर ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय पण लघवी होत नाही. आणि चोवीस तास काहीच न खाणं, कारण उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते.