मालदीवमध्ये शिकवायला जाताना

मालदीवच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक अनेक वर्षांपासून काम करत आले आहेत. तेथे बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जात असल्यामुळे आपल्याकडील पदवीधरांना संधी मिळते. मात्र करारावर सही करण्यापूर्वी नेमणूक माले शहरात आहे की दूरच्या बेटावर, हे लेखी विचारून घ्यावे, कारण पुढचे सारे आयुष्य त्यावरच ठरते. निवास, परतीचे विमानभाडे आणि वैद्यकीय विमा कोण देणार, हेही करारात स्पष्ट असावे. पदवी व गुणपत्रिका भारतात असतानाच प्रमाणित करून घ्याव्यात.

लहान बेटावर बाजार जवळपास नसतोच. मासे मुबलक मिळतात, पण भाजीपाला बोटीने येतो आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळला की तोही लांबतो. म्हणून शाकाहारी व्यक्तीने डाळी, मसाले आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत न्यावीत. पूजेच्या मूर्ती, मद्य आणि डुकराचे मांस देशात नेण्यास मनाई आहे, हे सामान भरतानाच ध्यानात ठेवावे.

साप्ताहिक सुटी शुक्रवारी व शनिवारी असते. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणेपिणे टाळावे आणि पेहराव साधा, अंगभर ठेवावा. माझ्या मते सर्वांत मोलाची तयारी म्हणजे मालदीवची दिवेही ही भाषा थोडी शिकणे: लहान वस्तीत पालक रोज वाटेत भेटतात, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्ये बोलणाऱ्या शिक्षकाकडे ते मुलाच्या अडचणी मोकळेपणाने मांडतात.