एक ओळ म्हणजे नेमकं काय? अडत दुकानाचा डेटाबेस रचताना

सांगलीत मी अडत दुकानांची सॉफ्टवेअरं करतो. नुकतीच पास झालेली मुलं-मुली आमच्याकडे येतात तेव्हा नॉर्मल फॉर्मच्या (माहिती टेबलांत नीट वाटण्याच्या नियमांच्या) व्याख्या त्यांना तोंडपाठ असतात. कोरा कागद पुढे करून 'हळदीच्या सौद्याची टेबलं काढ' म्हटलं, की मात्र पेन अडतं. त्यात त्यांचा दोष नाही. व्याख्या शिकवताना समोर धंदा नसतो, आणि टेबलं निघतात ती धंद्यातूनच.

म्हणून पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच नका. मार्केट यार्डात पेढीवर बसा आणि कागद मागून घ्या: आवक पावती, वजनाची चिठ्ठी, शेतकऱ्याला दिलेली पट्टी (त्याच्या विक्रीचा हिशोब), खरेदीदाराचं बिल. दिवाणजींना विचारा, हा कागद कधी फाडता, एकाच गाडीला दोन कधी फाडावे लागतात, खाडाखोड कुठे होते? मग प्रत्येक टेबलासाठी एकच वाक्य लिहा: 'या टेबलातली एक ओळ म्हणजे अमुक.' त्या वाक्यात 'किंवा' किंवा 'कधी कधी' घुसलं, तर तिथे दोन टेबलं एकात कोंबली गेली आहेत असं समजा.

शेतकरी चाळीस पोती हळद घेऊन येतो. त्यात हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. म्हणजे आवकेची एक ओळ, तिच्याखाली लॉटच्या तीन ओळी. आता हळकुंडाच्या लॉटमधली काही पोती एका व्यापाऱ्यानं उचलली, उरलेली दुसऱ्यानं. 'खरेदीदार' हा कॉलम कुठे जाईल? नवखी मुलं लॉटच्या टेबलात 'खरेदीदार एक' आणि 'खरेदीदार दोन' असे कॉलम टाकतात. तिसरा खरेदीदार आला की हे कोलमडतं. शिवाय 'या व्यापाऱ्यानं मार्चमध्ये एकूण किती क्विंटल नेली?' या साध्या प्रश्नासाठी दोन-दोन कॉलम धुंडाळावे लागतात. इथे सौद्याचं वेगळं टेबल हवं. त्याची एक ओळ म्हणजे एका लॉटमधला काही माल एका खरेदीदाराला एका दरानं विकला गेल्याची नोंद. लॉट, खरेदीदार, पोती, वजन, दर, तारीख सगळं तिथे बसतं. एका लॉटला अनेक खरेदीदार, एका खरेदीदाराचे अनेक लॉट: पुस्तकात याला मेनी-टू-मेनी म्हणतात.

पैशाचंही तसंच. खरेदीदार एकच चेक देतो आणि तो तीन बिलांपोटी असतो, त्यातलं तिसरं बिल अर्धंच फिटतं. बिलावर 'पैसे आले: हो/नाही' असा कॉलम ठेवलात तर उधारीचा हिशोब कधीच जुळणार नाही. बिल, जमा आणि 'कुठल्या जमेतले किती कुठल्या बिलाला लावले' अशी तीन टेबलं करा. बाकी किती हे त्यातून काढता येतं, ते वेगळं साठवू नका.

साठवू नका म्हटलं, पण दराच्या बाबतीत नेमकं उलटं करायचं. हमाली-तोलाईचे दर बदलत असतात. पट्टी बनवताना दरपत्रकातून आजचा दर वाचलात, तर मागच्या हंगामातली पट्टी पुन्हा छापताना आकडा बदलेल आणि शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाशी जुळणार नाही. त्या दिवशी लावलेला दर पट्टीच्या ओळीतच लिहून ठेवा. 'ही तर पुनरावृत्ती झाली' असं मुलं म्हणतात. नाही झाली. आजचा दर ही एक गोष्ट, त्या दिवशी लागलेला दर ही दुसरी.

शेतकऱ्याची ओळख कशावरून ठरवायची, यावर घाई करू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील सहज सापडतात. मोबाइल नंबर घरात एकच असतो, बाप-लेक दोघांच्या नावावर माल येतो, आणि नंबर बदलतोही. म्हणून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ ओळखण्याची खूण, आपली, अर्थ नसलेली, सिस्टिमनं दिलेली ठेवा. पट्टी क्रमांकही की म्हणून नको. तो दर एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होतो. आर्थिक वर्ष आणि क्रमांक या जोडीवर युनिक अट लावा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा भरता येणार नाही.

रक्कम आणि वजन फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका, डेसिमल वापरा. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून बरोबर ०.३ येत नाही, आणि पट्टीत पैशाचा फरक आला की दिवाणजी अख्खं सॉफ्टवेअर खोटं ठरवतात. त्यांचं चुकतही नाही. वजन अजून व्हायचं असेल तर कॉलम नल, म्हणजे रिकामा ठेवा, शून्य लिहू नका. शून्य हे वजन झालं.

अटी स्क्रीनवर तपासून थांबू नका, डेटाबेसमध्येही लावा. उद्या कुणी एक्सेलमधून थेट नोंदी भरेल तेव्हा तुमची स्क्रीन मध्ये नसते. एसक्यूएलाइट या डेटाबेसमध्ये फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची) तपासणी सहसा बंद असते, ती प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (झटपट शोधण्यासाठीची सूची) आपोआप बनत नाही, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये बनतो.

एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची ही पद्धत, मांडलं १९७० साली, पीटर चेन यांची ईआर आकृती (वस्तू आणि त्यांच्यातली नाती दाखवणारी) आली १९७६ मध्ये. दोन्ही वाचाच, पण पेढीवर बसून आल्यावर. तेव्हा पानापानावर लॉट आणि सौदे दिसायला लागतात.

सरावाला तासगावचा बेदाणा घ्या. माल कोल्ड स्टोअरेजमध्ये एकाच जागी पडून असतो, बॉक्स हलत नाही, पण सौदा झाला की मालक बदलतो. कधी त्यातले थोडेच बॉक्स विकले जातात, आणि भाडं तर रोज चढत असतं. 'माल कुठे आहे' आणि 'माल कुणाचा आहे' यांची दोन टेबलं काढा, प्रत्येकाचं 'एक ओळ म्हणजे' वाक्य लिहा, आणि मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून बघा: अमुक तारखेला या व्यापाऱ्याचे किती बॉक्स आत होते आणि त्या दिवसापर्यंतचं भाडं कुणाच्या माथी?