७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवताना

आधी सुई बदला. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची. ७८ आरपीएमची तबकडी लाखेची; तिची खाच रुंद असते, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तिथला कचराच ऐकू येतो.

धुताना स्पिरिट चुकूनही नको. लाख त्यात विरघळते, आणि गेलेला आवाज परत येत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचे दोन-चार थेंब टाका, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं ठेवा. साध्या डिस्टिल्ड वॉटरने विसळून तबकडी उभी वाळवा.

रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेला, खाचेच्या दोन भिंतींचा आवाज दोन चॅनलमध्ये देणारा भाग). दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐका: खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असेल तर दुसरीचाच चॅनल ठेवा. दोन्ही सारखे असतील तर एकत्र करून मोनो (एकच चॅनल) करा; सुईच्या वरखाली हालण्याने येणारी खरखर बरीचशी तिथेच कटते.

प्रीअँपचा (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) आरआयएए कर्व्ह, म्हणजे खर्ज वाढवून तार स्वर कमी करणारी ठरावीक जुळणी, बंद ठेवा. तो १९५४चा; त्याआधीच्या बऱ्याच तबकड्यांवर लावला की तार स्वर दबतात, गायकाचा श्वास हरवतो. नॉइज रिडक्शन शेवटी आणि फक्त कॉपीवर. मूळ फाइलला हात लावू नका.