सेकंडहँड इम्पोर्टेड स्पोर्ट्स कारचा भाव कसा पाडायचा

आधी आकडा बोलूच नका, गाडी बघा. टायरच्या साइडवर चार अंकी कोड असतो, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला, टायर इतके जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, नवीन सेटचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्क नीट तपासून घ्या, त्या बदलायच्या म्हणजे खिसाच रिकामा. इम्पोर्ट ड्युटीचे पेपर नसतील तर सरळ निघा, घासाघीस कसली करताय! बाकी मेकॅनिककडून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड स्कॅन करून घ्या, खर्चाची यादी मालकापुढे ठेवा, तुमचा आकडा सांगा आणि गप्प बसा, पहिल्यांदा तोच बोलू दे. आणि हो, गाडी आवडलीय हे तोंडावर दिसू देऊ नका.